अक्काचं गोंदण

४ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. रोज नाही, लिहिण्यासारखं काही घडेल तेव्हा. मोठे संग्राहक टिपणं ठेवतात, असं दिनकरराव आज परभणीच्या नाणेसंग्राहकांच्या बैठकीत म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळले. "वीरुपाक्षअप्पा, तुम्ही नका हं ठेवू. तुमचा संग्रह म्हणजे मोडीचं दुकान." सगळे हसले. मीही हसलो. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक ते, आणि मी मानवतचा आडत्या. उभा जन्म कापूस आणि तूर तोलण्यात गेला, तेव्हा नाणी पण मी तराजूतच घालतो असं त्यांना वाटतं. हा माणूस मला मुळीच आवडत नाही.

पण आज त्याने माझं भलं केलं आणि त्याला पत्ताही नाही. हिजाज नावाच्या राज्याबद्दल तो बोलला. पहिल्या महायुद्धात मक्केकडचा हा मुलूख तुर्कांपासून फुटून स्वतंत्र झाला. राज्य नवं, टांकसाळीची तयारी नाही, आणि बाजार तर चालायला हवा. मग बाजारात जी चांदी फिरत होती, तिच्यावरच आपल्या नावाचा ठसा ठोकला. तुर्काचं नाणं असो की ऑस्ट्रियाच्या राणीचं, ठसा बसला की नाणं आपलं. मला हा हिशेब पटला. दिनकररावाने पडद्यावर फोटो दाखवला: जाडजूड राणी, डोक्यावरून पदर, आणि खांद्याजवळ बारीक अरबी ठसा. म्हणाला, "यात खोटेच फार. खरा ठसा मी आपल्याकडे अजून पाहिलेला नाही."

एसटीत बसल्यावर सारखं वाटत होतं की ही बाई मी कुठेतरी पाहिली आहे. घरी आलो, ताटावर बसलो, बायको, शिवरंजनी, भाकरी वाढायला वाकली आणि तिच्या गळ्यातून ती बाई बाहेर येऊन माझ्या तोंडासमोर झुलायला लागली. काखेत कळसा नि गावाला वळसा.

६ ऑगस्ट, मंगळवार

ते नाणं तिच्या गळ्यात कसं आलं, ते लिहून ठेवतो. संग्रहाच्या भाषेत याला पूर्वपीठिका म्हणतात.

माझी पहिली बायको सत्यशीला. राजेश्री रांगत होती तेव्हा ती तापाने गेली. वर्षाच्या आत आईने शिवरंजनीला आणली. दुसरेपणाच्या बायकोने मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी आमच्याकडच्या जुन्या बायकांची समजूत. जंगमस्वामी आईला म्हणाले होते, "शांतम्मा, गळ्यात इष्टलिंग असताना टाक कशाला?" आईने ऐकलं नाही. मात्र टाक घडवायचा म्हणजे सोनार आला, मजुरी आली. आई चिक्कू. तिने आजोबांच्या पेटीतून हे नाणं काढलं. आजोबांना ते हजहून आलेल्या एका चाऊसाने, निजामाच्या पदरच्या अरब शिपायाने, दिलं होतं. त्यावर बाईचं चित्र आहे, पदर घेतलेली आहे, झालं. दोरा ओवायला कान जोडून घेतला आणि ऑस्ट्रियाची राणी आमची सत्यशीला झाली.

आज भिंग घेऊन ठसा पाहिला. ती काढून देईना, म्हणून गळ्यातल्या गळ्यातच पाहिला. वर्षानुवर्षांचं कुंकू त्यात भरलं आहे. मी इतका जवळ आलो म्हणून तिने डोळे खाली घातले, चक्क लाजली. या वयात. शिवाय सारखी खोकत होती, त्यामुळे नाणं हलायचं आणि अक्षर नीट दिसेना. जरा दम धर म्हटलं, तर तोंडावर पदर दाबून बसली. मग दिसलं. ठसा आहे.

११ ऑगस्ट, रविवार

सरळ मागितलं. बदल्यात सोन्याचं काहीतरी करून देतो म्हटलं.

"अवो, ती काय दागिना हाय का?" म्हणाली. "पयला घास तिचा, नवी साडी आली की पयला पदर तिच्यावर. तिनं जागा दिली म्हनून मी या घरात हाय. गळ्यातून उतरली तर मी हितं कोन?"

"बायको," मी म्हटलं.

"बायकू ती. मी तिच्या मागून आलेली."

मी तिला ठशाचं समजावून सांगितलं. हे अरबी अक्षर आहे, एका देशाचं नाव आहे. तिने अंगठा त्यावर फिरवला. सत्यशीलेला ती अक्का म्हणते. "ह्ये अक्काचं गोंदण हाय. दंडावरचं. आसंल देशाचं नाव, गोंदनात कुनाचं तरी नाव आसतंयच की." वर म्हणते की राजेश्रीला लहानपणी गोवर झाला तेव्हा ती रात्रभर अक्काशी बोलत होती आणि अक्काने पोर परत दिली. राजेश्री आज गंगाखेडला नांदते आहे, तिला स्वतःची दोन पोरं आहेत, तरी अजून अक्काच तिला राखते म्हणे. यांच्यापुढे डोकं कुठे आपटावं?

मुळात ते नाणं माझ्या आजोबांचं. बाई तर फक्त खुंटी. हे मी तिला बोललो नाही, पण आहे ते आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

मार्ग सापडला. या राणीची नाणी तिच्या मरणानंतर कितीतरी देशांनी पाडली, सगळ्यांवर साल एकच. आजही नवीकोरी मिळतात, ठशाशिवायची अर्थात. एक मागवलं, आज टपालाने आलं. पंडित सोनाराकडे गेलो. कान लावून दे, काळवून दे आणि खांद्यापाशी असं असं ठोकून दे, म्हणून कागदावर काढून दाखवलं.

पंडित बराच वेळ बघत बसला. "वैनीच्या गळ्यातलं हाय नव्हं ह्ये?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय," म्हणाला आणि कामाला लागला. हुशार माणूस आहे. हळद आणि कुंकू मी घरी स्वतः चोळलं. आता प्रश्न एवढाच की तिच्या गळ्यातलं निघणार कसं. आंघोळीला काढत नाही, झोपताना काढत नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

काम फत्ते.

युक्ती खोकल्यानेच सुचवली. सकाळी म्हटलं, चल, परभणीला तुझा एक्स-रे काढून आणू. ती बघतच राहिली. "कामून? आजच?" म्हटलं, तुझा खोकला ऐकवत नाही. हे खोटं नव्हतं. तिने ठेवणीतलं इरकल नेसलं, धपाटे बांधून घेतले, शेजारणीला हाक मारून सांगितलं, "ह्ये मला दवाखान्यात न्यायलेत." सगळ्या वाटेने खिडकीतून बघत होती. वसमत रोडला उसाचा रस पाजला तर डोळ्यांत पाणी. बायकांना खूश करायला काही लागत नाही.

तिथल्या मुलीने गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. इष्टलिंग तिने मुठीत धरलं, त्याला मुलगी काही बोलली नाही. टाक कपाळाला लावला, "आत्ता आले, अक्का," म्हणाली आणि दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला. "जपा बरं." उजव्या खिशात एक गेलं, डाव्या खिशातून दुसरं आलं. ती बाहेर आली तेव्हा मी ते तिच्या गळ्यात स्वतःच्या हाताने घातलं. कितीतरी वर्षांत एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी चुलीपुढे बसलेली दिसली. पहिला घास हातात तसाच.

"अक्का बोलंना," म्हणाली. "अंग गार लागायलंय तिचं. गोंदण बी बुजल्यावानी झालंय."

व्यापाऱ्याचं डोकं, लगेच चाललं. म्हटलं, "ते यंत्र असतं ना, त्याचे किरण आरपार जातात. चांदीत काही असेल ते राहत नाही मग."

"ती तर तुमच्यापाशी व्हती. मशिनीम्होरं न्हवती."

"भिंतीतूनही जातात."

तिने मान हलवली. तो घास तिने नंतर चिमण्यांना टाकला. "मी गेलेच कामून," एवढंच म्हणाली. मला हसू आवरेना, अंगणात जाऊन हसून घेतलं. दिनकररावासारखा माणूस हिजाजचा ठसा फोटोवरून ओळखतो आणि ही बाई अंगठ्याने ओळखते. पण किरणांवर विश्वास ठेवते.

२ सप्टेंबर, सोमवार

एक्स-रेवाल्या डॉक्टरचा फोन आला. मी तर ते पाकीट आणायचंही विसरलो होतो. फुप्फुसावर डाग दिसतो आहे, याच आठवड्यात नांदेडला नेऊन स्कॅन करा, उशीर करू नका, म्हणाले. डॉक्टर लोकांचं एकमेकांत असतं, इकडून तिकडे पाठवायचं. तरी मी तिला सांगितलं. सांगायचं काम केलं.

स्कॅन म्हणजे काय, तिने विचारलं. मोठं यंत्र, आत झोपवतात, म्हटलं.

"न्हाई." असं सरळ नाही मला ती कधी म्हणाली नव्हती. "एकदा गेले तर अक्का गेली. आता राखायला कोन हाय? दुसऱ्यांदी गेले तर माझ्या लेकीवर जाईल."

मी फार आग्रह केला नाही. खरं सांगितलं तर ती उद्या गाडीत बसेल, हे मला कळतं. न कळायला मी काही दूधखुळा नाही. पण मग नाणं परत गळ्यात जाईल, परत कुंकू, परत घाम, आणि ते पारखून घ्यायचं राहूनच जाईल. पुण्याच्या तज्ज्ञाकडे पाठवून त्याचा निकाल येईपर्यंत थांबू. डाग काय, चार दिवसांत पळून जातो का?

१४ सप्टेंबर, शनिवार

पंडितने कान उतरवला. जोडाची खूण राहिलीच, मुकुटाच्या वर काळसर डाग. आईने दोन पैसे वाचवायला केलेला उद्योग आज मला महागात पडणार. कुंकू काढायला मी आठवडाभर घेतला, नुसतं साधं पाणी आणि मऊ ब्रश, घासाघासी नाही. खाली अक्षर इतकं कोरीव निघालं की मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. एवढं सुंदर काही माझ्या घरात होतं आणि मला दाखवलं कोणी नाही.

पुण्याला कुरियर केलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल नाही. शिवरंजनी वाळत चालली आहे. इरकल अंगावर राहत नाही, खांद्यावरून घसरतं. नवरात्र आहे म्हणून कमी खात असेल. खोटा टाक अजून गळ्यात घालते, पण त्याच्याशी बोलत नाही. घर फार शांत झालं आहे. ती दिवसभर त्या नाण्याशी किती बडबडायची, हे मला आता कळतं. पूर्वी मला त्याचा त्रास व्हायचा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

खरा! ठसा खरा. तज्ज्ञाचा फोन आला तेव्हा मी मोंढ्यात होतो, सोयाबीनच्या ढिगावर बसूनच ऐकलं. त्या काळचाच ठसा, झीज जुळते, धातू जुळतो. कानाच्या खुणेमुळे प्रत थोडी उतरली, पण ठशाला तोड नाही. आता ते पारदर्शक डबीत कायमचं बंद करून देतात, आत चिठ्ठीवर प्रत लिहिलेली. डबी उघडली की प्रत रद्द, पुन्हा सगळी तपासणी. फोन ठेवला आणि मला रडू आलं. हमालांना वाटलं घरी काही झालं.

दिनकररावाला लगेच सांगणार नाही. डिसेंबरात नांदेडला प्रदर्शन आहे. तिथे, सगळ्यांसमोर.

२४ नोव्हेंबर, रविवार

राजेश्री परवा आली. आईला बघून दारातच थांबली. मग माझ्यावर उखडली. "बाबा, हिला तुमी बघायलात का न्हाई? हाडं मोजून घ्या हिची." डॉक्टरांचा फोन, स्कॅन, सगळं मीच सांगितलं, लपवलं नाही. ती दोन दिवस आईच्या मागे लागली. आईचं एकच, "माझं झालं तेवढं झालं. तुझ्या पोरांवर येईल." राजेश्रीने पायावर डोकं ठेवलं. ती उलट तिचीच समजूत घालत बसली.

निघताना राजेश्री मला म्हणाली, "तुमचं ती ऐकतीया. तुमी एक शब्द सांगा, बाबा, कायतरी सांगा."

एक शब्द. जिभेवर आलाही होता. पण आता प्रदर्शन महिन्यावर आलं आहे. ही बाई टाक परत मागणार, रडारड होणार, राजेश्री आईच्या बाजूने उभी राहणार, आणि मी रिकाम्या हाताने नांदेडला जाणार. महिना काढू. मी तिला म्हटलं, "बघतो." ती गेली तेव्हा मला जरा वाईट वाटलं. ते खरंच वाटलं, म्हणून लिहितो.

२२ डिसेंबर, रविवार

नांदेड. आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. काचेच्या पेटीत मधोमध माझं नाणं, खाली माझं नाव, मानवत, जि. परभणी. लोक वाकून वाकून बघत होते. दिनकरराव आले, भिंग काढलं, बघितलं, परत बघितलं. मी शेजारीच उभा. शेवटी भिंग खिशात ठेवून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अप्पा, मोडीचं दुकान म्हणालो, माफ करा." मी ते वाक्य त्यांना मोठ्याने परत म्हणायला लावलं. पहिलं पारितोषिक, शाल आणि श्रीफळ.

"कुठं सापडलं हो?" विचारत होते. घरातच, म्हटलं.

मग दिनकररावांनी वहिनींना का नाही आणलं असं विचारलं. तिला या गोष्टींची आवड नाही, म्हणालो.

२४ डिसेंबर, मंगळवार

पेपरात फोटो आला. नाण्याचा मोठा, माझा छोटा. सकाळी वाचून सुख वाटलं. दुपारी राजेश्री गंगाखेडहून आली. पेपर माझ्यासमोर टाकला आणि फोटोवर, खांद्यापाशी, बोट ठेवलं.

"ह्ये अक्काचं गोंदण हाय."

मी पेपरची घडी घालायला लागलो.

"मी हिच्या मांडीवर ह्येच्यावर बोट फिरवत झोपायचे, बाबा. मला काय सांगनार तुमी?" मग ती ओरडली नाही, हेच मला विचित्र वाटलं. "कधी बदललं?" विचारलं. एक्स-रेच्या दिवशी, म्हटलं. ती भिंतीला धरून खाली बसली. मग उठली, आत गेली आणि आईला सगळं सांगितलं.

मी दाराशी होतो. मला वाटलं आता कांगावा होईल. शिवरंजनी आधी नुसती बघत राहिली. मग हसली. खोकत खोकत हसली. "म्हंजे अक्का गेलीच न्हवती? मशिनीनं न्हेली न्हवती?" गळ्यातलं खोटं काढून तिने उशीखाली सारलं आणि राजेश्रीला म्हणाली, "चल मंग. कुठं न्यायचं तिथं न्ये."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी काही शिवी दिली नव्हती, हात उचलला नव्हता. नाणं माझ्या आजोबांचं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

नांदेडला स्कॅन झाला, तुकडा काढून तपासला. सगळीकडे पसरलं आहे. डॉक्टर तरुण आहे, चिडका. "ऑगस्टमध्ये डाग दिसला होता, मग इतके महिने काय केलं?" असं माझ्या तोंडावर विचारलं. पेशंट तयार नव्हता, म्हटलं. राजेश्री शेजारी उभी होती. ती माझ्यापासून दोन पावलं लांब सरकली. तेव्हा आला असता तर उपाय होता, असं तो म्हणाला. आता घरी न्या. डॉक्टरांना असं बोलायला काय जातं.

१९ जानेवारी, रविवार

शिवरंजनीला मांजरासारखं थोडं थोडं दूध पाजतात. राजेश्री इथेच आहे. माझं जेवण शेजारून येतं, त्यात मीठ जास्त असतं.

आज तिने मला हाक मारली. डिसेंबरपासून पहिल्यांदा. "अक्काला द्या."

मी कपाटातून डबी आणली. तिच्या हातात दिली, मला काही इतकं वाईट समजू नये. तिने डबी चाचपली, कडेला नख लावून पाहिलं, छातीवर धरली, परत चाचपली. "आंग लागंना तिचं. उघडा की."

मी समजावलं. ही उघडत नाही. उघडली की प्रत जाते, परत पुण्याला, परत मान्यता मिळेलच असं नाही. आतून दिसतेच की सगळी, बघ, गोंदणसुद्धा किती छान दिसतं. दिवा जवळ धरून दाखवलं.

"एकडाव गळ्यात घाला. मंग काढून घ्या. आता कितीक दिस ऱ्हायलेत?"

"तेच तर," मी म्हणालो. "थोड्या दिवसांसाठी कशाला बिघडवायचं?"

हे मी बोललो आणि मला वाटलं की हे मनातच ठेवायला हवं होतं. पण बोललो ते चूक नव्हतं. तिने डबी माझ्याकडे परत केली आणि भिंतीकडे कूस वळवली. "तिला बी कोंडली," असं काहीसं पुटपुटली. मी डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२२ जानेवारी, बुधवार

मोंढ्यातून आलो तर कपाट उघडं. आत डबी नाही. कुलूप फोडलेलं. न्हाणीच्या दगडावर डबीचे तुकडे आणि शेजारी वरवंटा. राजेश्रीने हे केलं. माझ्या मुलीने.

आत गेलो. नाणं शिवरंजनीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. कान नाही म्हणून राजेश्रीने तारेने आवळून बांधलं होतं. चांदीवर तार! मी पुढे झालो, तर राजेश्री आईच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. वरवंटा अजून हातातच होता. "हात लावून बघा," म्हणाली.

शिवरंजनी बोलत होती. माझ्याशी नाही. हलक्या आवाजात, सारखं, पूर्वीसारखं. अंगठा खांद्यापाशी फिरत होता.

मी ओसरीवर जाऊन बसलो. अपमान झाला तो झाला, पण ठशावर अंगठा घासत होती ते मला बघवेना.

२६ जानेवारी, रविवार

शिवरंजनी काल दुपारी गेली. आज लिंगायत स्मशानभूमीत नेली. आमच्यात जाळत नाहीत. तिथे कामाला असलेल्या बजरंगने खड्डा चांगला खोल काढला होता, आत कोनाडा. त्यात मांडी घालून बसवली, हातात लिंग, अंगाला भस्म, वर बेलाची पानं. गळ्यात नाणं.

मी जंगमस्वामींना बाजूला घेऊन म्हटलं, "चांदी ठेवू नये, चोर उकरतात, देहाची विटंबना होते." व्यवहाराची गोष्ट सांगितली. स्वामी म्हणाले, "खरं हाय, काढून घ्या मंग." मी खाली वाकलोही होतो. तेवढ्यात राजेश्रीने सगळ्या लोकांसमोर मोठ्याने विचारलं, "बाबा, तिच्या गळ्यातलं आज बी काढायलात?" दिनकरराव परभणीहून आले होते, ते बघत होते. सगळे बघत होते. मी सरळ झालो आणि पहिली मूठ माती टाकली. मला खूप रडू आलं. लोक पाठीवर हात ठेवून म्हणत होते, अप्पांचं लय प्रेम होतं.

नंतर दिनकरराव जवळ आले. "अप्पा, तेच का ते?" मी मान हलवली. ते म्हणाले, "फार मोठं मन तुमचं. मला जमलं नसतं."

१६ फेब्रुवारी, रविवार

राजेश्री दिवस करून गंगाखेडला गेली. जाताना पाया पडली नाही. दिनकररावांनी माझ्यावर आणि नाण्यावर एक लेख लिहिला आहे. परभणीला वाचून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखाच्या शेवटी ते म्हणतात की ते नाणं आता कोणाला दिसणार नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

घरात करमत नाही. इतकी वर्षं बाई होती, शेवटी सवय होते.

२ मार्च, रविवार

राजेश्रीचा फोन. समाधीवर सिमेंटचा ओटा बांधायचा म्हणते, गवंडी बघितला आहे, पैसे तीच देणार. मी नको म्हटलं. काळी माती आहे, एक पावसाळा जाऊ दे, माती बसली की बांधू, नाहीतर ओट्याला तडे जातील. हे अगदी खरं आहे, कोणत्याही गवंड्याला विचारा. तिला वाटतं मी मुद्दाम अडवतो. तिने फोन आपटला.

संध्याकाळी समाधीवर पाणी घालून आलो. माती अजून सैल आहे, काठी सहज आत जाते. चांदी मातीत काळी पडते, पण सडत नाही. जमिनीतून निघालेली नाणी आपण सगळे बघतोच. तार मात्र गंजेल आणि ठशाला लागेल, त्याचीच काळजी आहे, म्हणून फार थांबून चालणार नाही.

बजरंग तिथेच होता. त्याच्या पोरीचं लग्न आहे वैशाखात. उद्या सकाळी त्याला दुकानावर बोलावलं आहे.